न बोलणारी फिल्म आणि दादीचे हात

हिवाळ्यात नंदुरबारला बहिणीच्या घरी गेले होते. रात्री जेवणं आटोपल्यावर घरात एक वाद निघाला. भाचीला कॉलेजच्या स्पर्धेसाठी पाच मिनिटांची फिल्म करायची होती. दादीच्या हातांवर तिने एक छोटी कविता लिहिली होती. त्या कवितेचीच फिल्म करायची, आणि तीही मूक, एकही संवाद नसलेली, असं तिच्या मनात होतं. तिचे अब्बू नाराज झाले. "अभ्यास सोडून हे काय नवीन? घरातल्या बायांचं शूटिंग करणार? आणि त्यात कोणी बोलणारच नसेल तर बघणार कोण?" भाची माझ्याकडे वळून म्हणाली, "खाला, तुम्हीच सांगा."

भाओजींचे प्रश्न चुकीचे नव्हते. त्यांच्या शेवटच्या प्रश्नापासून मी सुरुवात केली.

आपल्या देशात सिनेमा जन्मला तोच मुका. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली मुंबईत लागला. पहिला बोलपट 'आलम आरा' आला 14 मार्च 1931 रोजी. मधली अठरा वर्षं लोक न बोलणारीच चित्रं बघत होते. मधूनमधून पडद्यावर पाट्या येत, त्याही दोन-तीन भाषांत. वाचता येणारा शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवी. पडद्याजवळ कोणी पेटी वाजवी, कोणी तबला. गुजराती, मराठी, उर्दू बोलणारी माणसं एकाच तंबूत बसून एकच गोष्ट समजून घेत. नंदुरबारच्या बाजारात एका सकाळी भिली, पावरी, अहिराणी, गुजराती, उर्दू आणि मराठी कानावर पडतात. अशा गावात न बोलणारी फिल्म सगळ्यांना कळेल. शाळेत न गेलेल्या आपल्या दादीलाही कळेल.

मग मी भाचीला फातिमा बेगम यांच्याबद्दल सांगितलं. तिने हे नाव ऐकलंच नव्हतं. भारतात चित्रपट दिग्दर्शित करणारी पहिली स्त्री म्हणजे उर्दू रंगभूमीवरून आलेली ही मुस्लिम बाई. बायकांची कामं अनेकदा पुरुष करत, त्या काळात 1922 साली त्या 'वीर अभिमन्यू' या मूकपटात उतरल्या. पुढे त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि 1926 साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. वारिस शाहांच्या काव्याने घरोघर पोचवलेल्या हीर-रांझाच्या कथेवरही त्यांनी मूकपट केला. म्हणजे कवितेवरून न बोलणारी फिल्म करण्याची कल्पना भाचीची असली, तरी ती वाट मुंबईत एका मुस्लिम बाईने केव्हाच चालून ठेवली होती. 'आलम आरा'ची नायिका झुबेदा ही त्यांचीच मुलगी.

"मग तो 'बुलबुल-ए-परिस्तान' दाखवा ना," भाचीने लगेच मोबाइल पुढे केला.

दाखवता येणार नाही. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 'आलम आरा'चीही नाही. त्या काळची फिल्म पटकन पेट घेणारी होती. शिवाय तिच्यात चांदी असे. खेळ संपले, बोलपट आले, तेव्हा कित्येक मूकपट चांदी काढण्यासाठी विकले गेले. त्यांचं पुढे काही मोल असेल असं कोणाला वाटलं नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली उभं राहिलं, तोवर फार उशीर झाला होता. पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जे मिळेल ते जमवलं, तरी शेकडो मूकपटांपैकी मोजकेच हाती लागले. पहिल्या दिग्दर्शिकेचं नाव आपल्याकडे उरलं, पण तिच्या पहिल्या चित्रपटात तिने काय दाखवलं ते बघायची सोय उरली नाही.

हे ऐकून भाओजी जरा गप्प झाले. मग म्हणाले, "पण कवितेची फिल्म म्हणजे नेमकं काय? कविता वाचायची असते."

मी त्यांना इराणच्या फरोग फर्रुखजाद यांचं उदाहरण दिलं. त्या कवयित्री होत्या. 1962 साली तबरीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत जाऊन त्यांनी वीसेक मिनिटांची फिल्म केली. तिचं नाव 'घर काळोखं आहे'. ज्यांच्याकडे बघून लोक मान फिरवत, त्यांच्याकडे त्यांनी शांतपणे बघितलं. नमाज, शाळा, खेळणारी मुलं, आरशासमोर बसलेली एक बाई, असं सगळं त्यात आहे. पुढे त्या वसाहतीतल्या एका मुलाला त्यांनी दत्तक घेतलं. कवीची नजर कॅमेऱ्याला मिळाली की असं होतं. रशियात मायकोव्हस्की या कवीने तर 1918 साली मूकपटाची पटकथा लिहिली आणि त्यात स्वतः कामही केलं. कविता थोड्या शब्दांत सांगते आणि बाकीचं आपल्यावर सोडते. मूकपटही तेच करतो.

राहिला बायांच्या शूटिंगचा प्रश्न. चित्रं आणि फोटो याबद्दल आपल्या उलेमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत, आणि प्रत्येक घराचा आपला रिवाज असतो. त्याचा मान ठेवायलाच हवा. मी भाचीला विचारलं, "तुझी कविता कशावर आहे?" "दादीच्या हातांवर." "मग चेहरा कशाला हवा?"

तिची दादी तरुणपणी मिरचीच्या पथारीवर कामाला जात असे. नंदुरबारच्या मिरचीचं नाव सगळीकडे आहे. हंगामात ओली लाल मिरची मैदानभर पसरून वाळवतात, आणि बायका तोंडाला फडकं बांधून ती निवडतात, देठ खुडतात. घरी आल्यावर हातांची आग रात्रभर जात नाही. त्या मजुरीतून भाओजींची शाळेची फी भरली गेली. हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते मुलीला कधी सांगितलं नव्हतं.

अखेर परवानगी मिळाली, पण अटींवर. कोणाचा चेहरा दाखवायचा नाही, पथारीवरच्या बायांना आधी विचारायचं, आणि अभ्यास बुडवायचा नाही. भाचीने तीन सकाळी शूटिंग केलं. देठ खुडणारी बोटं, वाऱ्याने उडणारं फडकं, पाण्याच्या बादलीत बुडवलेले हात, आणि शेवटी तसबीह फिरवणारे दादीचे सुरकुतलेले हात.

फिल्मला बक्षीस मिळालं नाही. घरात मात्र सगळ्यांनी ती एकत्र बसून पाहिली. दादी काही बोलल्या नाहीत. त्यांनी स्वतःचे तळहात उलटेपालटे करून बघितले आणि भाओजींकडे पाहिलं. भाओजी उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच भाचीला पेन ड्राइव्ह आणून दिला. "यात एक कॉपी ठेव. एक खालाकडे दे. आणि वर दादीचं नाव आणि तारीख लिही."

माझ्या कपाटात ती आहे. तुमच्या घरातल्या मुलीने कविता, चित्र किंवा अशी एखादी फिल्म केली, तर अटी जरूर घाला, पण आधी एकदा नीट बघा. आणि बघून झाल्यावर जपून ठेवा.