उदबत्ती लावून जळका वास झाकू नका!



कांदा-लसूणही न शिरणाऱ्या आमच्या स्वयंपाकघरात गेल्या पावसाळ्यात मासळीसारखा वास यायला लागला. सासूबाई ओट्यापाशी पदर नाकाला लावून उभ्या! मोरी घासली, कचऱ्याचा डबा धुतला, उंदीर मेला असेल म्हणून फ्रिजही सरकवला. घरातल्या पुरुषांचं मत एकच, "तुम्हाला भास होतोय. उदबत्ती लावा." मीही आठ दिवस मुकाट्याने दोन्ही वेळा धूप घातला. नवव्या दिवशी मल्टिप्लग काढताना बोटांना चटका बसला. वायरमनने सॉकेट उघडलं, तर आत सगळं काळं पडलेलं.

म्हणून आज स्पष्टच लिहिते, कुणाला राग आला तरी चालेल. जळका वास झाकणं म्हणजे स्वच्छता नव्हे. तो निष्काळजीपणा आहे.

स्विच-सॉकेटचं प्लास्टिक तापलं की अनेकदा असाच मासळीसारखा वास सुटतो. वायरवरचं पीव्हीसीचं आवरण जळलं तर नाकाला झोंबणारा, आम्लासारखा धूर निघतो. हा धूर हवेत विरून जात नाही. त्याचा पातळ, तेलकट थर भिंतीवर, छतावर, कपाटावर बसतो. पडदे, गाद्या, उशा तो शोषून घेतात. दमट किंवा उकाड्याच्या दिवशी तोच वास पुन्हा बाहेर पडतो. रूम फ्रेशनरने हा थर निघत नाही, त्यावर गुलाबाचा वास चढतो एवढंच. शिवाय आपलं नाक थोड्याच वेळात वासाला सरावतं. "गेला बाई वास!" म्हणायच्या आधी दहा मिनिटं अंगणात जाऊन परत या.

पण वास रेंगाळण्याचं दुसरं कारण जास्त भयंकर आहे. आत अजून जळतच असतं! "एमसीबी पडला नाही, म्हणजे सगळं ठीक," असं म्हणणाऱ्यांना विचारा, स्क्रू सैल असेल तर काय? तिथे उष्णता साचत जाते, पण करंट मर्यादेतच राहतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता आपलीही चूक मान्य करू. सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची म्हणून संध्याकाळी सगळी यंत्रं एकदम सुरू. माझंच बघा. २००० वॅटची इंडक्शन शेगडी जवळजवळ ९ अँपिअर ओढते. ती मी ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवत होते, वर त्याच मल्टिप्लगमध्ये मिक्सर!

आपण पाणी गाळून पितो, भाजी निवडताना पानापानामागे अळी शोधतो. मग हा यत्नाचार भिंतीवरच्या बोर्डापाशी का थांबतो? घराला आग लागली तर किती जीव जातील, याचा हिशोब कोण करणार?

वास आला की आधी मेन स्विच बंद करा. ठिणगी किंवा धूर दिसला तर पाणी मारू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. नुसता वास असेल तर खिडक्या उघडा, वायरमनला बोलवा. जळकी वायर स्वच्छ तांबं दिसेपर्यंत कापायला लावा, सॉकेट नवंच बसवा. चिकटपट्टी गुंडाळून जाणाऱ्याला पैसे देऊ नका. वासाचं मूळ निघाल्यावर पडदे धुवा, भिंती खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, गाद्यांना ऊन द्या. बोर्डाजवळ मात्र ओलं फडकं नेऊ नका.

आणि "भास होतोय" असं कुणी म्हणालं, तर त्यालाच बोर्डाशी उभं करून वास घ्यायला सांगा. घरात आधी धोका ओळखतं ते बाईचं नाक. त्याला गप्प करण्यासाठी उदबत्ती नको. ती देवापुढेच शोभते.