नायट्रेट गेलं, पण नायट्रोजन गेला कुठे?

‘खारफुटी म्हणजे निसर्गाचा फुकटचा वॉटर फिल्टर’ असं सांगणारं रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. मीही ते दोन-तीन ग्रुपवर ढकललंय. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे.

रायबंदरहून दिवाडीला फेरीबोटीने जाताना ओहोटीच्या वेळी चिखलातून सडक्या अंड्यासारखा वास येतो. म्हणजे वरचा पातळ थर सोडला, तर त्या चिखलात ऑक्सिजन जवळपास नाहीच. मग तिथले जिवाणू जगतात कसे? त्यातले काही ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास भागवतात. शेतातला युरिया, गटारांचं पाणी यातून नायट्रेट वाहत खाडीत येतं. जिवाणू त्यातले ऑक्सिजनचे अणू एकेक करून काढतात आणि शेवटी उरतो नायट्रोजन वायू, जो हवेत 78 टक्के आहेच. हे डीनायट्रिफिकेशन.

रील इथे संपतं. पण त्याच चिखलात दुसरी वाटही आहे. काही जिवाणू नायट्रेटचा वायू न करता अमोनियम करतात. पहिली वाट म्हणजे फोटो कायमचा डिलीट. दुसरी म्हणजे ट्रॅश फोल्डर: गॅलरीत दिसत नाही, पण जागा अडवून बसलेलाच.

दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी फ्रेंच सहकाऱ्यांसोबत शापोरा नदीकाठचं तुये आणि मांडवीतलं दिवाडी इथला खारफुटीचा चिखल तपासला. 2012 मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये निष्कर्ष आला: नाहीशा झालेल्या नायट्रेटपैकी 99 टक्क्यांपर्यंत या दुसऱ्या वाटेने गेलं होतं. तुलनेने स्वच्छ असलेल्या तुयेत ही प्रक्रिया दिवाडीच्या दुप्पट होती. खारफुटीच्या दृष्टीने हा शहाणपणाच म्हणायचा. जिथे नायट्रोजन कमी, तिथे तो हवेत उधळायचा कशाला? शिवाय नायट्रस ऑक्साइडही कमी सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवणारा वायू आहे.

पण ‘सांडपाणी सोडा, खारफुटी बघून घेईल’ हा हिशेब मात्र इथे चुकतो. अमोनियम पाण्यात परतलं की शेवाळासाठी ते आयतं खत. नायट्रेटचा लोंढा वाढला तर डीनायट्रिफिकेशनही वाढतं, पण साखळी मध्येच तुटली की तोच नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. चांगल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात हेच जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या टाकीत कामाला लावतात. तिथे परिस्थिती आपल्या हातात असते, खाडीत नसते.

आणखी एक गोची. ऑनलाइन मिळणारी नायट्रेटची पट्टी अमोनियम ओळखत नाही. ती पाण्यात बुडवून तुम्ही खूश व्हाल आणि नायट्रोजन तिथेच असेल. म्हणून हल्ली खाडीच्या पाण्याचा कुठलाही रिपोर्ट उघडला की मी नायट्रेटच्या आधी अमोनियाचा आकडा शोधतो.