मोठ्या डोळ्यांचे कौतुक

तान्ह्या मुलाचे डोळे टपोरे असले की गिरगावापासून लालबागपर्यंत कोणत्याही चाळीत त्याचे कौतुक होते. दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीटही लागते. पण त्या डोळ्यांतून सारखे पाणी गळत असेल आणि गॅलरीतल्या उजेडात येताच मूल आईच्या खांद्यात तोंड खुपसत असेल, तर ते सौंदर्य नव्हे. तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. काचबिंदू हा म्हाताऱ्यांचा रोग, ही समजूत घट्ट आहे. त्यामुळे अश्रुनलिका तुंबली असेल असे म्हणून थेंब घातले जातात आणि मोलाचे महिने निघून जातात.

या रोगात डोळ्यातील द्रव बाहेर पडण्याचा मार्ग जन्मतःच सदोष असतो. आत दाब वाढला की तान्ह्या मुलाचा कोवळा डोळा ताणून मोठा होतो. त्याचा पहिला मार बसतो तो पारपटलाला, म्हणजे डोळ्यापुढच्या पारदर्शक काचेला. नवजात मुलात तिचा व्यास सुमारे 10 मिलिमीटर असतो; वर्षाच्या आत तो 12 च्या पुढे गेला, तर शंका घ्यावयासच हवी. ताणाने पारपटलाच्या आतला पातळ पापुद्रा तडकतो, चिरांतून पाणी शिरते आणि काच धुरकट होते. वेळीच शस्त्रक्रिया करून दाब उतरवला, तर ती पुष्कळदा निवळते. चिरांचे वण मात्र कायम राहतात. शिवाय धूसर डोळ्याने पाहण्याचे शिक्षण मेंदूला ज्या वयात मिळावयाचे, ते वय परत येत नाही. पुढे नेत्रदानातून मिळालेले पारपटल बसविता येते खरे, परंतु लहान मुलांत ते टिकविणे फार अवघड.

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर 1926 पासून के.ई.एम. आणि 1929 पासून वाडिया बालरुग्णालय उभे आहे. तेव्हा मध्य मुंबईत प्रश्न अंतराचा नाही, ओळखण्याचा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. तपासावयाच्या जन्मदोषांच्या त्याच्या मूळ यादीत जन्मजात मोतीबिंदू होता, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दृष्टिपटलविकारही होता; काचबिंदू नव्हता. रोग विरळा, हे त्याचे कारण असेल. पण विरळा रोगच नजरेतून निसटतो! लसीकरणासाठी मूल सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पालिकेच्या दवाखान्यात येतेच. तेथील परिचारिकेने बॅटरीच्या उजेडात दोन्ही डोळे निरखावेत आणि पाणी, धूसरपणा किंवा अवाजवी मोठे पारपटल दिसल्यास चिठ्ठी देऊन त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. याला नवी इमारत लागत नाही, नवे खाते तर नाहीच.

ज्या घरात एका मुलाला हा रोग झाला आहे, तेथे मात्र दवाखान्याच्या तारखेची वाट पाहू नये. आते-मामे भावंडांच्या विवाहांत याचा धोका वाढतो. अशा घरातील पुढच्या बाळाचे डोळे प्रसूतिगृहातून घरी नेण्यापूर्वीच तज्ज्ञाला दाखविले पाहिजेत.