कारकुनी घराण्याचे वाद्य

पूर्णा नदीवरील धरणामुळे ज्याचे नाव औंढा नागनाथाच्या परिसराबाहेरही पोहोचले, त्या सिद्धेश्वरास हरिनाम सप्ताहानिमित्त जाण्याचा योग गेल्या पंधरवड्यात आला, तेव्हा मंडपात पखवाजाच्या शेजारी, जेथे पेटी असावयाची तेथे, पाटावर टॉवेल अंथरून मांडलेले एक काळे, लांबट यंत्र दृष्टीस पडले. त्याच्या कपाळी यामाहाचे नाव ठळक अक्षरांत असूनही वाजविणारा मुलगा, बुवा आणि झाडून सारा श्रोतृवर्ग त्यास बिनदिक्कत ‘कॅसिओ’ म्हणत होता, जसे कोणत्याही वनस्पती तुपास आपण वर्षानुवर्षे डालडा म्हणत आलो.

हे कॅसिओचे घराणे मूळचे कारकुनी. काशिओ बंधूंनी १९५७ साली तोक्योत स्थापिलेली कंपनी गणकयंत्रांची; आणि तिच्या व्हीएल-१ या चिमुकल्या वाद्यात तर हिशेब नि संगीत एकाच दप्तरात बांधलेले होते. गणकयंत्रावर आठ आकडी रक्कम मांडावी, तिच्या पहिल्या अंकाने सुराची जात ठरावी, मधल्या अंकांनी त्याचा उठाव आणि ऱ्हास, व अखेरच्या दोहोंनी कंप. वसुलीची बाकी मांडता मांडता एखाद्या तलाठ्याच्या हातून अवचित सूर निघावा, ही कल्पना मला फार रसाळ वाटते.

विजेवरचा सूर आपल्याकडे त्याहून जुना आहे. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील ज्या पुंगीने खेडोपाडी लोक डोलले, ती कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नामक विद्युत्वाद्यावर वाजविली होती; पण ती चैन मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांची. सप्ताहाच्या मंडपापर्यंत पोहोचले ते सेलवरही चालणारे स्वस्त यंत्र.

बुवांनी “काळी चार” म्हणताच मुलाने एक कळ दाबली आणि बोटांची नेहमीची जागा न सोडता पट्टी बदलली. पेटीवाल्यास ज्या सवयीसाठी वर्षे घालवावी लागत, ती एका कळीत हस्तगत झाली, याचे मला थोडे वैषम्य वाटले हे खरे. मात्र बारा ठराविक स्वरांत श्रुती कोठल्या, मींड कोठली, ही तक्रार कॅसिओवर करण्यापूर्वी एक स्मरावे की, याच आरोपावरून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने खुद्द पेटीस मज्जाव केला होता. आणि आज तीच पेटी परंपरेची मुखत्यार होऊन बसली आहे! तो मुलगा तर डाव्या अंगठ्याने बाजूचे चाक हलकेच लोटून पेटीस कधीच न साधलेली मींड काढीत होता, किंचित घसरती, पण काढीत होता.

एवढ्यात वीज गेली. ध्वनिक्षेपक मुका झाला, बुवांचा उघडा आवाज आणि टाळ तेवढे उरले. मुलगा मात्र डोळे मिटून वाजवीतच होता, आणि पखवाजाच्या दोन थापांमध्ये त्या निर्जीव पट्ट्यांची टकटक, अगदी तालात, मंडपाच्या कडेपर्यंत ऐकू येत होती.