वॉर्डातली जागा आणि शाळेचं जुनं रजिस्टर

तळेगाव (श्यामजी पंत) सारख्या महामार्गावरच्या गावात ग्रामपंचायतीची चर्चा निघाली की पहिला प्रश्न येतो, "आपल्या मोहल्ल्यातून कोण उभं राहणार?" माझ्या मते त्याआधी विचारायला पाहिजे, कागद कोणाकडे आहेत?

मागं एक ओळखीचे चाचा शाळेत आले. त्यांच्या वॉर्डातली एक जागा ओबीसीसाठी निघाली होती. मुलाला उभं करायचं होतं. "सर, आपण तर बागवान. दाखल्यावर लिहून द्या ना." रजिस्टर काढलं. मुलाच्या नावापुढं जातीच्या रकान्यात 'मुसलमान', बापाच्या नावापुढंही 'मुसलमान'. आडनाव शेख. रजिस्टरात जे आहे तेच दाखल्यावर उतरतं. जागा होती, माणूस होता, कागद नव्हता.

कायदा साधा आहे. ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य असतात. निम्म्या जागा महिलांच्या. ओबीसींना एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवून २७ टक्क्यांपर्यंत जागा मिळतात. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांठिया आयोगाचा अहवाल मान्य केल्यावर हा मार्ग मोकळा झाला. बागवान, अत्तार, मनियार, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण यादीत बिरादरी असणं वेगळं आणि हातात जात प्रमाणपत्र असणं वेगळं. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. वर जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र. ते ठरलेल्या मुदतीत दिलं नाही तर निवडून आलेल्याचंही पद जातं.

दुसरी गोष्ट मतांच्या हिशोबाची. एका वॉर्डात दोन-तीन जागा असतात आणि मतदार प्रत्येक जागेसाठी वेगळं मत देतो. म्हणजे वॉर्डात आपली मतं एक तृतीयांश असली तरी एक जागा आपोआप मिळत नाही. प्रत्येक जागेवर पूर्ण वॉर्डाची मतं लागतात. शेजारच्या गल्लीशी बोलल्याशिवाय, त्यांच्या नालीचा, नळाचा प्रश्न आपला मानल्याशिवाय कोणी निवडून येत नाही. फक्त 'आपला माणूस' म्हणून भागत नाही, आणि ते बरंच आहे.

१५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या १२ हजारांवर ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं. त्यांची पाच वर्षांची मुदत २०२६ च्या सुरुवातीला संपली. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

आत्ता करायची कामं तीन. एक, आजोबा, चुलत आजोबा, आत्या यांच्या शाळेच्या नोंदी आणि कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधा. एका नोंदीत बिरादरी लिहिलेली सापडली तर सगळ्या खानदानाला आधार होतो. दोन, वॉर्डाची प्रारूप रचना लागली की आपला मोहल्ला दोन तुकड्यांत गेला का ते बघा, आणि हरकत मुदतीत, लेखी द्या. तीन, आरक्षणाची सोडत विशेष ग्रामसभेत निघते, तिथं हजर राहा. बहिणींनाही घेऊन जा. निम्म्या जागा त्यांच्याच आहेत.

आणि मुलाला पहिलीत घालताना फॉर्मवरचा जातीचा रकाना घाईत भरू नका. घरात बिरादरीचा पुरावा असेल तर सोबत आणा. आज आम्ही रजिस्टरात जे लिहितो, ते तीस वर्षांनी तुमचा नातू शोधत येणार आहे.