शिपायाच्या डोक्यावरचं शिक्षणाचं कर्ज

जव्हार-मोखाड्याच्या दुर्गम आदिवासी भागातल्या ठाण्यांत काम करणाऱ्या पोलीस शिपायाच्या पगारपत्रकात पतपेढीची कपात दिसते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता तिथे दिसत नाही. तो बँकेत परस्पर जातो, नाहीतर थकतो. शिपाई भरतीची पात्रता बारावीची असली तरी पदवीधर आणि अभियंतेही या भरतीत उतरतात. त्यांच्यातल्या कर्जदारांची नोंद आस्थापना शाखेने ठेवावी आणि फेडीला हातभार लावावा, अशी आमची ठाम मागणी आहे.

आजच्या सवलती नेमक्या गरजेच्या वेळी संपतात. केंद्राची 2009 ची व्याज अनुदान योजना साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहे, पण ती अभ्यासक्रम आणि त्यानंतरचं एक वर्ष एवढ्यापुरतीच. भरतीच्या तयारीत मुलगा मैदानावर राबत असतो, तोवर ही मुदत उलटून जाते आणि अंगावर वर्दी चढण्याआधीच व्याज चढू लागतं. आयकराच्या 80ई कलमातली व्याजाची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. ज्याला मुळात करच फारसा बसत नाही, त्या शिपायाला तिचा काय उपयोग?

अमेरिकेतल्या पर्किन्स या शैक्षणिक कर्जात पोलिसांसाठी चांगली सोय होती. सेवेच्या पहिल्या दोन वर्षांत दरवर्षी 15 टक्के, पुढच्या दोन वर्षांत 20 टक्के आणि पाचव्या वर्षी 30 टक्के कर्ज माफ होई. 2017 मध्ये नवी पर्किन्स कर्जं देणं थांबलं, पण ही चढती रचना आपल्या कामाची आहे. सर्वांत मोठा वाटा शेवटी मिळणार असेल, तर माणूस बदलीचा अर्ज करण्याआधी थांबून विचार करेल. वारली, कातकरी, कोकणा पाड्यांवर ओळख व्हायलाच दोन-तीन वर्षं जातात, आणि ओळख झालेला शिपाई निघून गेला की ठाण्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दुर्गम भागातल्या सेवेला जादा मोबदला द्यावा, हे शासनाने मान्य केलेलंच आहे. 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी दिली. गडचिरोलीत पोलिसांना दीडपट वेतन मिळतं. कर्जफेडीतली मदत याच तत्त्वावर उभी राहू शकते.

मात्र योजना फक्त बँकेच्या कर्जापुरती ठेवली, तर इथल्याच मातीतला शिपाई तिच्यातून सुटेल. आदिवासी विद्यार्थ्याची फी बऱ्याचदा शिष्यवृत्तीतून भागते. कर्ज होतं ते शहरातली खोली, खानावळ आणि भरतीच्या क्लासपायी, आणि ते नातेवाइकांकडून किंवा सावकाराकडून उचललेलं असतं. नोकरी लागल्यावर तेच कर्ज पतपेढीच्या कर्जात वळतं, वर धाकट्या भावंडांच्या शिक्षणाची भर पडते. म्हणून पतपेढीच्या संचालकांनी कर्ज मंजूर करतानाच ‘शिक्षण’ हे कारण वेगळं नोंदवावं. जव्हार-मोखाड्यात सेवा बजावत असेपर्यंत त्या खात्यावरच्या व्याजाचा काही भाग पोलीस कल्याण निधीने उचलावा. ही सुरुवात जिल्हा पातळीवर अधीक्षकांना करता येईल. मुद्दलाची टप्प्याटप्प्याने माफी मात्र गृह विभागाच्याच निर्णयाने होऊ शकते, आणि तो प्रस्ताव जिल्ह्यातून वर जायला हवा.