आधी वैरण, मग बैल

'हौसेला मोल नाही' असे आपण सहज म्हणतो. पण ज्याच्या घरी प्रत्येक रुपयाचा हिशेब विचारला जातो, त्याने ही म्हण जरा जपून वापरावी. जुने सिने-कॅमेरे विकत घ्यायचे आणि त्यांत खरी फिल्म घालून चित्रण करायचे, ही हौस हल्ली विद्यार्थ्यांत पुन्हा दिसू लागली आहे. मीही तिला बळी पडलो, म्हणून हे चार शब्द.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका जुन्या बाजारातून मी आठ मिलिमीटरचा, चावीवर चालणारा कॅमेरा बाराशे रुपयांना घेतला. पैसे शिष्यवृत्तीतले. घरी तो आबांपुढे ठेवला. आबा चौथी शिकलेले. गावातली पाण्याची इंजिने दुरुस्त करतात. त्यांनी चावी दिली, बटण दाबले, कान लावून घरघर ऐकली आणि म्हणाले, "गव्हर्नर बरा हाय. एका चालीनं पळतंय." मग विचारले, "बैल घ्यायच्या आधी वैरण बघत्यात. ह्याची वैरण कुठं मिळती?"

मला उत्तर देता आले नाही. चित्रपटावरची चार पुस्तके वाचलेला मी. आणि नेमका हाच प्रश्न मला सुचला नव्हता!

त्या वैरणीचा हिशेब असा. माझ्या कॅमेऱ्याची फिल्म कोडॅकने १९३२ साली बाजारात आणली. सोळा मिलिमीटर रुंदीची २५ फुटांची पट्टी एका बाजूने चालवायची, मग रीळ उलटून दुसऱ्या बाजूने. धुतल्यावर ती मधोमध चिरून जोडली की ५० फूट होते. सेकंदाला १६ चौकटी या वेगाने खेळ सुमारे चार मिनिटांचा. १९६५ साली आलेल्या सुपर-८ चे कार्ट्रिज नुसते आत सरकवायचे असते. पण १८ चौकटींच्या वेगाने तेही ३ मिनिटे २० सेकंदांत संपते. सुपर-८ ची फिल्म कोडॅक अजून काढते. माझ्या कॅमेऱ्याची मात्र परदेशातल्या मोजक्या विक्रेत्यांकडेच मिळते. कोडाक्रोम ही एके काळची गाजलेली रंगीत फिल्म रंगांत धुण्याचे काम तर २०१० च्या अखेरीस थांबले. तिचे जुने खोके स्वस्तात मिळाले तरी भुलू नये. एक रीळ आणणे, धुऊन घेणे आणि संगणकावर उतरवणे, हा खर्च माझ्या महिन्याच्या मेसपेक्षा अधिक होतो.

तरीही घ्यायचाच असेल त्याने आधी फिल्म मिळते का ते पाहावे. भिंग उजेडाकडे धरावे. आपल्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. माझ्याही भिंगाला ती आहे, आणि विकणाऱ्याचा शब्द मी खरा मानला. बॅटरीचा कप्पा गंजला आहे का ते उघडून पाहावे. कित्येक जुन्या प्रकाशमापकांना लागणाऱ्या पाऱ्याच्या बॅटऱ्या आता बनत नाहीत.

माझा एक शहरी मित्र म्हणतो, "फिल्म महाग असते म्हणूनच शिस्त लागते. माणूस विचार करून चित्रण करतो." हे मला पटत नाही. टंचाईतून येणारी शिस्त आमच्या घरी विकत आणावी लागत नाही. आईची भांगलण मी मोबाईलवर चित्रित केली आहे. ती फिल्मवर नाही, म्हणून कमी खरी ठरत नाही.

दादासाहेब फाळके १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले. त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला, पण त्याबरोबर फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र, धुण्या-छापण्याची सामग्री आणि कच्ची फिल्म यांचीही सोय केली. म्हणजे बैलाबरोबर वैरण! परतल्यावर कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपापुढे कॅमेरा लावून थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट घेतली. महिन्याभराच्या श्रमातून जेमतेम मिनिटभराचा चित्रपट झाला, आणि तो पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. अंधारात बसून फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाईंनी केले. त्या घरात कॅमेरा शोभेची वस्तू नव्हता.

मित्रहो, आज मात्र तो शोभेची वस्तू होऊ लागला आहे. गळ्यात अडकवून फोटो काढून घ्यायचा आणि मग कपाटात ठेवायचा. याला छंद म्हणत नाहीत, मिरवणे म्हणतात. आणि ज्याला हे परवडत नाही, त्याने मनात खंत धरण्याचे मुळीच कारण नाही.

माझी सूचना साधी आहे. दहा जणांनी दहा कॅमेरे घेण्यापेक्षा दहा जणांनी मिळून एक चालता सुपर-८ घ्यावा आणि उरलेले पैसे फिल्मसाठी ठेवावेत. महाविद्यालयाने त्यात थोडी भर घालावी. वर्षाला दोन कार्ट्रिजे झाली तरी पुष्कळ! ज्याच्या घरी कॅमेरा कधीच आला नाही, त्याच्या हातात तो आधी द्यावा.

माझा कॅमेरा सध्या घरी कोनाड्यात आहे. आबा अधूनमधून त्याला चावी देतात, ऐकतात आणि ठेवून देतात. यंत्र बंद पडू नये म्हणून, असे ते म्हणतात. आत फिल्म घालून तो त्यांच्याचकडे वळवायचा आहे. तोपर्यंत त्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे बाकी आहे.

(द्वितीय वर्ष, कला)